निवासाचा कालावधी

मी रोशनीच्या लग्नाला हरकत घेतली नव्हती. सरकारी नोंदवहीत घेतली असं लिहिलेलं आहे, हे मला मान्य आहे. पण त्या कार्यालयात चुका व्हाइटनरने झाकतात, आणि जिथे व्हाइटनर वापरतात तिथला कुठलाही कागद मी पुरावा म्हणून धरत नाही.

जरा नीट सांगते. मी हैदराबादेत, कुकटपल्लीच्या एका औषध कंपनीत, तपासणी प्रयोगशाळेत काम करते. गोळीत जेवढं औषध असायला हवं तेवढं आहे का, हे बघणं माझं काम. माझं नाव रेणू, आणि रसायनशास्त्राच्या वर्गात या नावाचं जे काही व्हायचं ते सगळं होऊन गेलेलं आहे, त्यामुळे त्यावर विनोद करू नये. आमच्याकडे नियम असा, की चुकीचा आकडा खोडायचा तर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. गिरवायचं नाही, खरवडायचं नाही, आणि व्हाइटनर तर इमारतीत आणायलाही बंदी आहे. दुसरा नियम, चूक कुणाचीही असो, जिला दिसली तिनं ती लेखी कळवायची. तोंडी सांगितलेली चूक आमच्याकडे घडलेलीच नसते. अकरा वर्षं हे केलं की माणूस माझ्यासारखा होतो. रोशनीचं म्हणणं, मी आधीपासूनच अशी होते, कंपनीनं फक्त पगार सुरू केला.

रोशनी आणि मी नारायणगुड्यात मुकुंदराव आणि तारामतीकाकूंच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. ती फिजिओथेरपिस्ट. कोठीच्या एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलते करते. ती राहायला आली त्या दिवशी काकूंनी मला तिचं आडनाव तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा "फिजिओथेरपिस्ट आहे" एवढंच सांगितलं. काकूंचा डावा गुडघा तेव्हा फार दुखत होता. चौथ्यांदा आडनाव विचारायची वेळ गुडघ्यानं येऊ दिली नाही.

आम्हा दोघींची मराठी एकच होती, हे इथे नोंदवायला हवं. माझे आजोबा परभणीकडून आलेले, तिचे नांदेडकडून. पुण्याला गेलं आणि "हौ" म्हटलं की माझ्या मावसबहिणी हसतात. हैदराबादेत "होय" म्हटलं की ऑटोवाला विचारतो, "बंबई से आए क्या मॅडम?" रोशनीशी बोलताना मला कुठलाही शब्द दोनदा तपासावा लागत नसे. ही भाषा नीट बोलणारी माणसं जगात दोनच आहेत अशी माझी समजूत होती. तेवढ्यात त्यातल्या एकीला अप्पाराव भेटला.

आधी तो फक्त एक खांदा होता. "आज एक अप्पाराव आला होता, खांदा पार धरलाय त्याचा," रोशनीनं जेवताना सांगितलं. अप्पाराव हे नाव ऐकून माझ्या डोळ्यांसमोर पानाचा डबा बाळगणारे, साठीचे, धोतरातले गृहस्थ आले. मला सहानुभूतीच वाटली. पुढे रोज बातमी यायची. पहिल्या आठवड्यात हात चाळीस अंश उचलला जात होता, तिसऱ्या आठवड्यात एकशेदहा. एवढ्या वेगानं साठीच्या माणसाचा खांदा सुटत नाही, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. आली नाही. आकडे माझ्यासमोर होते आणि मी त्यांचा आलेख काढला नाही, ही या प्रकरणातली माझी पहिली चूक.

तो चौतीस वर्षांचा निघाला. श्रीकाकुळमकडचा. आजोबांचं नाव ठेवलेलं. कुरळे केस. व्यवसायानं लिफ्ट दुरुस्त करणारा इंजिनियर.

आमच्या इमारतीची लिफ्ट दोन वर्षं बंद होती. मी त्याबद्दल मुकुंदरावांना अकरा लेखी तक्रारी दिल्या होत्या. मुकुंदराव सरकारी दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी प्रत्येक तक्रारीची पोच दिली होती. लिफ्ट दिली नव्हती. अप्पाराव पहिल्यांदा घरी आला तो जिना चढून आला, पाणी प्याला, "एक निमिषम्" म्हणून खाली गेला, आणि पन्नास मिनिटांनी लिफ्टमधून वर आला. मागोमाग काकूही आल्या. दोन वर्षांत त्यांनी आमचा मजला पाहिला नव्हता. त्या दिवशी त्या लिफ्टनं सहा वेळा वर-खाली गेल्या आणि अप्पारावला "बेटा" म्हणू लागल्या. मला सहा वर्षांत त्या "अगं" याच्या पुढे काही म्हणालेल्या नव्हत्या.

मी मात्र जिन्यानेच जात राहिले. व्यायाम म्हणून.

मला हेवा वाटत होता का? आमच्याकडे निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळ्या पानांवर लिहितात, म्हणून मी इथे फक्त निरीक्षणं देते. रविवारी सकाळी आम्ही दोघी कोठीत जुनी पुस्तकं बघायला जायचो; आता आम्ही तिघं जायचो, आणि तिघांत फुटपाथवर एकजण नेहमी मागे चालतो. रोशनी "हौ"च्या जागी "सरे" म्हणू लागली. एकदा भाकरी करपली तेव्हा ती "अय्यो" म्हणाली. ती झोपेतसुद्धा कधी अय्यो म्हणाली नव्हती. (झोपेत ती "पाठ सरळ" म्हणते.) आणि अप्पाराव मला "रेणूगारू" म्हणायचा. तेलुगूत हा आदर आहे. पण आदरानं माणसाचं वय दहा वर्षांनी वाढतं, आणि तो मला गारू आणि तिला नुसतं रोशनी म्हणायचा.

शिवाय तो स्वयंपाक करायचा. एका रविवारी त्यानं आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या कढईत, गोंगुराची चटणी केली. रोशनीनं बोटं चाटली.

"ही अंबाडी आहे," मी म्हटलं.

"गोंगुरा, अंडी," तो म्हणाला. (तेलुगूत "अंडी" म्हणजे "अहो".)

"अंबाडी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात. वनस्पतीशास्त्रात दोन्हीचं नाव एकच आहे." मी पुस्तक काढून दाखवलं.

त्यानं पान नीट वाचलं. मग फार आनंदानं म्हणाला, "तो फिर हम लोग रिश्तेदार हुए ना, रेणूगारू?"

अशा माणसाशी भांडता येत नाही. हेच त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त खटकायचं. तो दर वेळी त्याच्या गावाकडच्या, पलासाच्या काजूंचा एक डबा घेऊन यायचा आणि माझ्या हातात द्यायचा, रोशनीच्या नाही. मी ते काजू खात नसे. मोजून ठेवत असे.

चौदा महिन्यांनी त्यांचं लग्न ठरलं. रोशनीचे वडील भिवाजीकाका वीज खात्यातून निवृत्त झालेले, कुकटपल्लीला राहतात. त्यांची एकच अट होती. "भटजी नको, पंतुलू नको, पत्रिका नको," ते म्हणाले. "कायद्यानं करा. आपला भरवसा कायद्यावर. मग घरी बुद्धवंदना घेऊ, आणि मग काय जेवायचं ते जेवा." अप्पारावच्या आईनं ते मानलं आणि बारा फेब्रुवारीसाठी श्रीकाकुळमहून अडतीस जणांची रेल्वेची तिकिटं काढली. या कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि त्या काळात कुणालाही हरकत घेता येते. लग्नाला तीन साक्षीदार लागतात.

"पहिली साक्षीदार तू," रोशनी मला म्हणाली. मला फार बरं वाटलं. ते मी दाखवलं नाही.

दहा जानेवारीला ते दोघं नोटीस द्यायला गेले. मी रजा टाकते म्हटलं, तर रोशनी म्हणाली, "तू कामून येतीस? नुसता फॉर्म तर भरायचा आहे."

नुसता फॉर्म! हे वाक्य माझ्यासमोर, माझ्या घरात, माझी मैत्रीण बोलली.

संक्रांत झाल्यावर मी अर्धी रजा टाकून कोठीत पुस्तकं बघायला निघाले आणि वाटेत ते कार्यालय लागलं. (कोठी आणि ते कार्यालय आमच्या घरापासून विरुद्ध दिशांना आहेत. पण वाट ही सापेक्ष गोष्ट आहे.) व्हरांड्यात काचेचा फलक होता, त्याला कुलूप होतं आणि आत सात जोड्यांच्या नोटिसा टाचल्या होत्या. रोशनीची तिसरी. नाव बरोबर. व्यवसाय बरोबर. वय बरोबर. राहण्याचं ठिकाण, आमचा पत्ता, बरोबर. पुढचा रकाना, निवासाचा कालावधी.

तीस दिवस.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीस दिवसच होते. आमच्या कंपनीत कच्च्या मालाचे नमुनेसुद्धा याहून जास्त दिवस फडताळात राहतात. दहा नोव्हेंबरला ती एक गादी, दोन बॅगा आणि सांगाड्याचा एक प्लास्टिकचा कणा घेऊन आली, तिथपासून नोटिशीच्या दिवसापर्यंत बरोबर सहा वर्षं दोन महिने होतात. त्यात माझी एक कावीळ झाली, तिच्या दोन नोकऱ्या झाल्या आणि काकूंचे दोन्ही गुडघे बरे झाले. ते सगळं तीस दिवसांत?

त्या फलकावरच्या सातही जोड्यांच्या नावांपुढे तीस दिवसच लिहिलेले होते, हे मी पाहिलं. पाहिलं, आणि त्यावरून पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थिनीनं जो निष्कर्ष काढला असता तो काढला नाही. माझ्या पर्समध्ये कोरे कागद असतात. तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी इंग्रजीत लिहिलं (इथे मराठी करून देते):

१. फलकावरील सूचनेत वधूच्या निवासाचा कालावधी तीस दिवस दाखवला आहे.
२. तो चुकीचा आहे.
३. सदर व्यक्ती सदर पत्त्यावर खाली सही करणारीसोबत सहा वर्षे दोन महिने राहत आहे (अंदाजे नव्हे).
४. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.

चौथं वाक्य मुकुंदरावांचं. ते नसलं तर अर्ज सरकारच्या अंगी लागत नाही, असं ते म्हणतात. ते इतकं लागेल हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटा करून पाहिला. "ये क्या है मॅडम?"

"चूक कळवायची आहे," मी हिंदीत सांगितलं.

"मॅडम, इस सेक्शन में दोच कागज आते. एक नोटीस, एक ऑब्जेक्शन. तुमारा नोटीस है?"

"नाही."

"फिर?"

पर्याय दोन, त्यातला एक बाद. मी तर्कशास्त्रापुढे नेहमीच मान तुकवत आले आहे. "मग जे उरेल ते," मी म्हटलं, आणि पोच मागितली. त्यानं शिक्का मारून दिली. शिक्का तेलुगूत होता, अर्धाच उमटला होता, आणि मला ऑटो पकडायचा होता. एक चूक सापडल्याच्या समाधानात मी घरी आले आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा चार काजू खाल्ले.

पाचव्या दिवशी रोशनी दवाखान्यातून अर्ध्यातच घरी आली. मागे अप्पाराव. कार्यालयातून फोन आला होता. कुणीतरी लग्नाला हरकत घेतली होती.

दहा मिनिटांत आमच्या घरात समिती बसली. लिफ्ट चालू असल्याचा हा तोटा. पूर्वी एवढी माणसं एवढ्या लवकर वर येऊ शकत नसत. मुकुंदराव चष्म्याच्या डबीसकट आले. "हरकतदार घरचाच असतो," ते म्हणाले. "माझ्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. अप्पाराव, तुमचे मामा?"

"मामय्या को तो मेरी कंपनी का नाम भी नहीं मालूम, ये ऑफिस कहाँ मालूम होगा, सर."

"कोणी का असेना," तारामतीकाकू म्हणाल्या, "मुडद्याचे हात झडो. सोन्यासारख्या पोरांच्या लग्नात बिबा घालतोय. रेणू, तू शिकलेली आहेस, तू एक कडक पत्र लिही."

"लिहिते ना," मी म्हटलं. मला खरोखर संताप आला होता. कुणा परक्या माणसानं आमच्या रोशनीच्या लग्नात लुडबूड करावी! मी कागद काढला. आणि तेवढ्यात अप्पारावनं उठून रोशनीला पाणी आणून दिलं. ग्लास कुठल्या फळीवर असतात, हे त्याला न विचारता माहीत होतं. हे निरीक्षण मी मनात नोंदवलं, त्या गडबडीतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कार्यालयात गेलो. मी पुढे होते. कडक पत्र माझ्या हातात होतं, चौदा मुद्द्यांचं. त्याच खिडकीत तोच कारकून होता. त्याचा चेहरा उजळला.

"आओ मॅडम, आओ! मैं बोलाच था, ये मॅडम फॉलोअप करने को आते." मग रोशनीकडे वळून, मोठ्या सौजन्यानं, "येच है ना तुमारी ऑब्जेक्शनवाली मॅडम. क्या हँडरायटिंग है!"

त्यानं कागद काढून काचेला लावला. कंसातलं "अंदाजे नव्हे" लांबूनही वाचता येत होतं.

मी चौदा मुद्द्यांच्या पत्राची घडी घातली आणि ते पर्समध्ये ठेवलं.

रोशनी तडक रस्त्यावर आली. मग उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबली.

"कामून केलीस गं हे?"

"चूक होती," मी म्हटलं.

"ते तीस दिवस मी लिहिले नाही. बाहेर बसतो त्या टायपिस्टनं लिहिले. तीस लागतात म्हणून तो सगळ्याइलेच तीस लिहितो."

"सही तुझी आहे."

"लग्नाचा फॉर्म वाचून सही करतं का कोणी?"

"मी केली असती."

"तू लग्न तरी कुठं करतीस!" रसवाल्यानं चरक थांबवला. रोशनीचा आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला मला जास्त लागला. "बाबांनी अख्ख्या कॉलनीला सांगितलंय, माझी लेक कायद्यानं लग्न करणार. त्याची आई अडतीस माणसं घेऊन निघालीय. आणि आता सुनावणी. अधिकारी नाही म्हणाल्या तर बारा तारीख गेली. तुला हेवा वाटत होता तर मला म्हणायचं होतंस ना, रेणू. सरकारला कामून सांगितलीस?"

अप्पाराव दोघींच्या मधे उभा राहून "सरे, सरे" करत होता. "रेणूगारू, आप ऑटो में बैठिए," तो म्हणाला. मी बसले नाही. चालत आले. तीन किलोमीटर चारशे मीटर.

रोशनी त्याच दिवशी कुकटपल्लीला आई-वडिलांकडे गेली. प्लास्टिकचा कणा घरीच होता, म्हणजे परत यायची शक्यता होती. पण तो पूर्वी तिच्या खोलीत लटकायचा, तो आता बैठकीत खुर्चीवर बसवलेला होता, याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना. काकू मला पाहिलं की तोंड फिरवायच्या. झडणाऱ्या हातांबद्दल त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं असावं. मुकुंदरावांनी तेवढं एकदा जिन्यात थांबवून सांगितलं, "मसुदा उत्तम होता. विशेषतः चौथं कलम."

या दिवसांत मी एकदा लिफ्टनं वर आले. लिफ्ट उत्तम चालते. हे लेखी द्यायला माझी तयारी आहे.

सुनावणीच्या आदल्या रविवारी मी जिन्यानं उतरत होते, तर दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, आणि आत अप्पाराव तेलाची बुधली घेऊन बसलेला. मला बघून उठला. सवयीनं काजूंचा डबा पुढे केला. मी घेतला. पायरीवर बसले, कारण उभं राहून बोलण्यासारखं काही सुचत नव्हतं.

"तुम्हाला राग आला असेल," मी हिंदीत म्हटलं.

"गुस्सा नहीं, अंडी." त्यानं हात पुसले. "एक बात बोलूँ? चौदा महीने से रोशनी का हर बात 'रेणू बोलती है' से शुरू होता. रेणू बोलती है, दूध ऐसा गरम करना. रेणू बोलती है, ये गोली खाली पेट नक्को. मेरा कंधा ठीक हुआ तो पहले आपको फोन करी, मेरे सामने. एकशेदहा डिग्री, बोल के." आकडा तेवढा तो मराठीतच बोलला. "आपके पास छह साल दो महीने है. मेरे पास चौदा महीने. जलन तो मेरेकू होना ना?"

मी गणित करून पाहिलं. चौऱ्याहत्तर महिने विरुद्ध चौदा. त्याचं बरोबर होतं. शिवाय आकडा त्यानं न बघता बरोबर सांगितला होता, आणि न बघता आकडा बरोबर सांगणाऱ्या माणसाबद्दल माझं मत पूर्वीसारखं ठेवणं मला जड जाऊ लागलं. मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. आम्ही दोघांनी मिळून अर्धा डबा संपवला. तरीही मला त्याचा हेवा वाटतोच, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं.

सुनावणीला सगळे आले. भिवाजीकाका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, रोशनीची आई विमलाकाकू, अप्पाराव, सल्लागार म्हणून मुकुंदराव, आणि थर्मास घेऊन तारामतीकाकू. रोशनी माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली होती. विवाह अधिकारी एक शांत, पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्या तेलुगू-हिंदीत बोलत होत्या. मी इथे मराठीत देते.

"या कायद्यात हरकतीची कारणं ठरलेली आहेत," त्या म्हणाल्या. "यातल्या कुणाचं आधी लग्न झालेलं आहे?"

"नाही."

"वेडबिड?"

मी अप्पारावकडे पाहिलं. लिफ्टची मोकळ्या मनानं फुकट देखभाल करणारा माणूस. "नाही," मी म्हटलं.

"वय कमी आहे?"

"नाही."

"नात्यात लग्न आहे?"

अप्पाराव हळूच म्हणाला, "गोंगुरा के रिश्ते से..." रोशनीनं त्याला कोपर मारलं. पण तिचा ओठ हलला. तीन खुर्च्यांवरून मला तो दिसला.

"मग तुमची हरकत काय आहे?" बाईंनी चष्मा काढला. "कारण तुम्ही जे सांगाल ते मला नोंदवहीत लिहून, तुम्हाला वाचून दाखवून, तुमची सही घ्यावी लागते."

खोलीत पंखा फिरत होता. सरकारला सांगायचं होतं, आणि या वेळी रोशनी ऐकत होती.

"ती सहा वर्षं दोन महिने माझ्यासोबत राहिली," मी म्हटलं. "तिथे तीस दिवस लिहिलंय. कायद्याला तीस पुरतात, ते मला समजलं. लग्नाला माझी हरकत नाही. मुलगा चांगला आहे, आकडे लक्षात ठेवतो. पण ती गेली की घरी माझ्यासारखं बोलणारं कुणी राहत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. एवढंच आहे."

बाईंनी कारकुनाला मजकूर सांगितला. त्यानं लिहिलं, आणि नियमाप्रमाणे उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवलं: "हरकतदाराचे म्हणणे असे की विवाहास त्यांची हरकत नाही. वधू घरातून जाते, यास हरकत आहे. हेवा वाटतो."

"हे कायद्याच्या कलम चारमध्ये बसत नाही," बाई म्हणाल्या. "हरकत फेटाळली. बारा तारखेला या." आणि मग, कायद्याबाहेर, "माझी मैत्रीण विशाखापट्टणमला गेली तेव्हा हे कलम मलाही हवं होतं."

भिवाजीकाकांनी घसा साफ केला. "बाई, ते खोडू नका, राहू द्या वहीत. आजवर लोक जातीवरून हरकती घेताना बघितलो. दिवसांवरून घेणारी ही पहिलीच."

तारामतीकाकूंनी थर्मासमधला पहिला चहा मला दिला. "घे गं बेटा," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा.

रोशनी उठून टेबलाशी गेली. "मॅडम, माझ्या नोटिशीतला तो आकडा दुरुस्त करता येतो का?"

येतो, असं निघालं. कारकुनानं तत्परतेनं नोटीस काढली आणि ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढून हलवू लागला.

"नक्को," रोशनी म्हणाली. "वो नक्को, भैया."

तिनं माझ्याकडे न बघता माझ्यापुढे हात केला. मी माझं पेन दिलं. तिनं "तीस दिवस"वर एकच आडवी रेघ मारली, सरळ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. बाजूला नवा आकडा लिहिला. सही केली. तारीख टाकली. सहा वर्षं माझ्या या सवयीची नक्कल करून तिनं पाहुण्यांना हसवलं होतं. नक्कल करता करता तिला ते बिनचूक यायला लागलं होतं.

"खराब दिखरा मॅडम," कारकून हळहळला.

"आता तू बघ," रोशनीनं कागद माझ्यापुढे सरकवला. "तपास. मग म्हणू नको."

मी चष्मा पुसला आणि वाचलं. निवासाचा कालावधी: सहा वर्षे तीन महिने.

एक महिना जास्त होता. दहा नोव्हेंबरपासून मोजा, कसंही मोजा, दोनच होतात. खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, पेन माझ्या हातात परत आलं होतं, आणि चूक दिसली की लेखी कळवायची हा नियम मला पाठ होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तो एक महिना मी ठेवून घेतला.